काजू गावाला गेला नाही

प्रिय अंकुश,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे सुखरूप आहोत. दर आठवड्याला फोनवर दिसणारी बायको कागद कशाला काळे करते, असं तुला वाटेल. पण फोनवर बोलू कशी? घर केवढंसं, आणि तुझा प्रीतम बोलतो कमी पण ऐकतो सगळं. तुमच्या जहाजावर रुजू होणारे श्यामसुंदर आपल्याच कोपरखैरण्यात राहतात, त्यांच्या हाती देते आहे. एका बैठकीत पूर्ण वाच, अर्धं वाचून उशाखाली सारू नकोस.

प्रीतमचा घोडा, काजू, कसा गेला ते मी तुला नीट सांगितलंच नाही. उरणच्या वाटेवरच्या त्या घोडेस्वारीच्या केंद्रावर आमची रिक्षा पोचली, तशा त्याला घोड्यावर बसवणाऱ्या उन्नती मॅडम फाटकातच आडव्या आल्या आणि प्रीतमला उतरवू नका म्हणाल्या. आदल्या दिवशी काजूच्या पोटात पीळ पडला होता. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, त्याला धरून फिरवत राहिले, पण सकाळी त्याने मान टाकली. मी हे ऐकत होते आणि मागे रिक्षात पोरगं हातात गाजर धरून बसलं होतं. त्याचे पाय कसे कात्रीसारखे एकमेकांत अडकतात ते तुला ठाऊक आहे. काजूच्या पाठीवर बसला की त्या उबेने ते हळूहळू सैल पडायचे. इतक्या दवाखान्यांना जमलं नाही ते त्या म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्याने करून दाखवलं होतं. मी फाटकातूनच तुला फोन लावला. तू म्हणालास, सांगू नकोस, गावाला गेला म्हण. त्या संध्याकाळी व्हिडिओवर तूच त्याला वचन दिलंस की सुट्टीवर आलो की काजूला भेटायला गावी नेतो.

मला तेव्हाच चीड आली होती. कारण उन्हाळ्यात अण्णा वारले तेव्हाही तू हेच सांगायला लावलंस. पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी नातवाला शेजारच्या राजलक्ष्मीताईंकडे बसवून ठेवलं आणि आजोबा गावाला गेले म्हणून सांगितलं. तू भर समुद्रात होतास, बापाच्या मातीलाही पोचू शकला नाहीस, त्याचा दोष मी तुला कधी दिला नाही आणि देणारही नाही. पण प्रीतमच्या डोक्यात आता महाडजवळच्या आपल्या गावी आजोबा आणि काजू दोघं मजेत राहत होते, आणि त्याला तेवढं कोणी नेत नव्हतं.

दुसऱ्या घोडीवर तो बसेना. बसवला तर अंग लाकडासारखं ताठ. घरी पाय पुन्हा आवळायला लागले, झोपेत कळवळायचा. दप्तरातली पुस्तकं काढून त्याने गाजरं भरली, ती नासली तरी हात लावू देईना. आणि गेल्या मंगळवारी मी भाजी घेऊन घरी येते तो दार सताड उघडं. आईंना दुपारची डुलकी लागली होती. वॉकर नाही, दप्तर नाही, पोरगं नाही. खाली वॉचमन पार्किंगवरून कुणाशी तरी हुज्जत घालत होता, त्याने पाहिलंच नाही. मी शाळेच्या दिशेने धावले, परत फिरले, मेडिकलवाल्याला विचारलं. नाल्याकडे बघायचा धीर होईना, तरी बघितलं. मग मोठ्या रस्त्यावरून हॉर्नचा गलका ऐकू आला. वॉकरचं चाक खड्ड्यात रुतलेलं, दोन्ही अंगांना टेम्पो आणि बस, आणि मधोमध तुझा मुलगा, लटपटत, पलीकडच्या एसटीच्या थांब्याकडे हात करून उभा. बसचा ड्रायव्हर माझ्यावर ओरडला, बाई, पोर सांभाळता येत नाय तर घराबाहेर सोडता कशाला? मी प्रीतमला उचलला तर तो मला कडकडून चावला, अंकुश. गावाला, गावाला, एवढंच ओरडत होता.

घरी आल्यावर आई माझ्यावर उखडल्या. पोराला येडा समजता काय तुमी, माझा नवरा मेला, त्याचा आजा मेला, त्याला कळू द्या, म्हणाल्या. मी त्याला मांडीवर घेऊन सरळ सांगितलं की काजू मेला, आजोबा पण मेले, गावात दोघंही नाहीत. संध्याकाळी आईंनी बुद्धासमोर मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हटलं. मग आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल एकेकाने उठून चार शब्द बोलायचे असतात, तसं त्यांनी काजूसाठी करायला लावलं. घोड्यासाठी! त्या स्वतः उठल्या आणि त्याने एकदा त्यांच्या पिशवीतली भाकरी पळवली ते सांगितलं, वर चोरटा मेला म्हणाल्या. मला रडू आवरेना, मी जेमतेम दोन वाक्यं बोलले. प्रीतम वॉकर धरून उभा राहिला. खूप वेळ ओठ हलले, मग म्हणाला, गरम. आणि आपण होऊन म्हणाला, आजोबा. मग आई अण्णांबद्दल बोलल्या, त्यांच्या घोरण्याबद्दल, लपवून ठेवलेल्या तंबाखूबद्दल, आणि पोरगं आवाज न करता रडलं. त्याचे पाय सुटले वगैरे काही नाही, उगाच आशा लावून घेऊ नकोस. पण रात्री जेवला.

आता हे पत्र कशासाठी ते. रविवारी तुझा फोन आला तेव्हा तो फोन धरून उभा होता, लक्षात आलं का तुझ्या? अण्णांबद्दल आमचं बोलून झालं होतं, चार शब्द बोलायची पाळी आता तुझी होती. बाबा, आजोबा, एवढं म्हणून तो थांबला. आणि तू हसून म्हणालास, आजोबा गावाला मजेत आहेत, मी आलो की जाऊ. मी मधे पडले तर नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवलास. तो बंद फोनकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग दाराकडे. तेव्हापासून मी दाराला वरची कडी लावते आहे, आणि काल तो कडीखाली खुर्ची ओढत होता. आईचं खरं की बापाचं, हे त्याला कळत नाही आहे. म्हणून पत्र मिळालं की पुढच्या फोनला त्याच्यासमोर उभा राहा आणि म्हण, माझे अण्णा वारले. पुढचं सुचलं नाही तर नको बोलूस, रडलास तरी चालेल. इतक्या महिन्यांत मीही ते तुझ्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही.

तुझीच,
संघमित्रा