रोडग्यांना मीठ कमी

६ फेब्रुवारी. अमरावती.
पुण्याहून इथवर येण्याचा हेतू शंभर टक्के खाद्यसंशोधन. ‘वऱ्हाडची खरी चव’ हे माझं पुस्तक यंदा निघणारच. लिहायला घेतलेलं नाही, पण नाव पक्कं. उद्या अचलपूर. माधवीचं माहेर तिथे आहे, हा निव्वळ योगायोग. घटस्फोटाला तीन वर्षं झाली, पण तो कोर्टातला. मनातून ती वाटच बघत असणार. संकल्प: आपण होऊन फोन करायचा नाही.

दुपारी.
गिला वडा खाल्ला. दही बरं, मीठ कमी. गाडीवाल्याला तसं सांगितलं, प्रमाणही समजावलं. तो म्हणाला, “चव पाहाची अशीन तं आंधी बोलनं बंद करा.” उद्धट मुलूख. माधवीलाही मी रोज जेवताना एवढंच सांगायचो, मीठ कमी आहे. टीका नव्हे, फीडबॅक. त्यावरून कुणी संसार मोडतं?

७ फेब्रुवारी. अचलपूर.
नबीभाईंची ऑटो ठरवली. दुल्हा दरवाजा पाहिला, हौज कटोरा पाहिला. फोटोत दोन्हीकडे माझंच डोकं मधे आलंय. संकल्प: तिच्या गल्लीत फिरकायचं नाही. रस्ता तिथूनच जात होता, त्याला माझा इलाज नाही. नबीभाई म्हणाले, “साहेब, या गल्लीत कोनता किल्ला हाय? तिसऱ्यांदा फिरून राहिलो आपन.”

संध्याकाळी.
फोन आला! सत्यवतीबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा. (‘माजी’ हा शब्द मला आवडत नाही.) “गावात फिरून राहिले म्हने तुमी. उद्या मारुतीपाशी नवसाचे रोडगे हायेत. जेवाले या.”

नकोशा माणसासाठी कुणी गोवऱ्या पेटवून कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, भाजत बसत नाही. समेटाचीच भाषा ही. संकल्प: लगेच माफ करायचं नाही. दुसऱ्या रोडग्यानंतर बघू. नवा कुर्ता घेतला.

८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ.
अख्खी गल्ली पंगतीला. मी पहिल्याच ओळीत बसलो. रोडगे खरपूस, वर तुपाची धार, वांग्याची भाजी झणझणीत. भाजी माधवी स्वतः वाढत होती. बारीक झालीये. की बरी दिसतेय? माझ्यापाशी थांबली. म्हणाली, “मीठ बराबर हाय?”

तीन वर्षांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. तोंडातून निघून गेलं, “थोडं कमी.”

“मले वाटलंच,” म्हणाली. पत्रावळीच्या कडेला चिमूटभर मीठ ठेवून पुढे गेली. रागावली नाही. रागावायला हवी होती.

मी तिसरा रोडगा संपवला आणि सासूबाईंना मोठ्यांदा विचारलं, नवस कशाचा? म्हटलं, त्यांना मोकळं बोलता यावं.

“माधवीचं जमलं. मूर्तिजापूरचे मास्तर हायेत, देवानंद नावाचे. पोरीचं या बारीले चांगलं झालं तं गावाले रोडगे चारीन, असं मारुतीले बोलली होती मी.”

मग मला का बोलावलंत, विचारलं.

“नवसाच्या जेवनाले वाटसरूलेबी बलावतेत, बापा. तुमी तं गावातच होते.”

नंतर त्या पुढच्या माणसाला वरण वाढायला गेल्या. मी ताटावरून उठलो नाही. अन्नाचा अपमान मी करत नाही. चौथा रोडगाही घेतला.

९ फेब्रुवारी. बडनेरा स्टेशन.
गाडी लेट. पुस्तक रद्द. या भागाला चवीची कदर नाही.

निघताना सासूबाईंनी कागदात दोन रोडगे आणि डबीत भाजी बांधून दिली होती. सगळ्यांनाच देत होत्या. बाकावर बसून आत्ता खाल्ली.

मीठ बरोबर आहे. कालही बरोबर होतं.