चौथा बोल्ट

कुंभार पिंपळगाव
दि. ११ नोव्हेंबर २०२४

ती. संपतमामांस सप्रेम जयभीम वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत न्हाई, म्हणून ही चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरकडं देतेय. बद्रीनाथकाकांची पिकअप माझ्या गॅरेजात खोललीय. इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड परत बसवताना आठातला चौथा बोल्ट आवळेना, नुस्ता फिरून राह्यलाय. तसंच जोडलं तर फटीतून धूळ ओढून इंजिन बसेल. काका चारचौघांत म्हणाले, पोरीच्या हाती गाडी दिली हीच चूक झाली. परवा, बाजारच्या दिवशी, सगळ्यांपुढं माझा हिशेब करणार म्हणे. मंग माझ्याकडं कोण येईल मामा? लई भ्याव वाटतंय. जल्दी कळवा.

तुमची भाची,
अक्षता


जुना जालना
दि. १२ नोव्हेंबर

चि. अक्षता हिस जयभीम.

अगं बये, कितीदा सांगितलं? आधी मधले, मंग कडेचे, तीन फेऱ्यांत, हलक्या हातानं. तू एकदम जोर लावला असशील. ॲल्युमिनियम आहे ते, बैलगाडीचं चाक न्हाई! आटे तूच खाल्लेस. बद्रीनाथरावांची बिनशर्त माफी माग. आणि तुझ्या आईला सांगू नको, ती जेवायची न्हाई.

तुझा मामा,
संपत


कुंभार पिंपळगाव
दि. १२, संध्याकाळ

ती. मामांस सप्रेम जयभीम.

आईशप्पथ, जोर लावला न्हाई. पहिल्याच फेरीत बोल्ट फिरला. टॉर्च मारून पाह्यलं तर भोकात तांब्याच्या तारेचा पिळा निघाला. आटे गेल्यावर बोल्ट धरवायची ही युक्ती मी फक्त एकाच माणसाकडून शिकलेय. गाडी आधी कुठं खोलली होती, ते काकांना मी विचारलेलं न्हाई. भोकात नवे आटे बसवून ठेवलेत. तुम्ही म्हणत असाल तर उद्या माफी मागते.

कशीही असले तरी तुमचीच,
अक्षता


जुना जालना
दि. १३ नोव्हेंबर, पहाट

चि. अक्षता हिस जयभीम.

तार माझी. तुझ्या पहिल्या चिठ्ठीत चौथा बोल्ट वाचला तवाच ओळखलं होतं. शुगरनं बोटं बधिर झालीत, किती आवळलं ते कळत न्हाई गं. गिऱ्हाइकाला सांगायची लाज वाटली, अन् तीच लाज तुझ्यावर ओकलो. फार वाईट वागलो.

माफी मागू नको. ही चिठ्ठी घेऊन पहिल्या एसटीनं मीच येतोय, तोंडानं एवढं बोलवलं न्हाई तर हातात देईन. बाजारात सगळ्यांपुढं बद्रीनाथरावांना सांगतो. बोल्ट तू आवळ. मी बाजूला उभा राहून फेऱ्या मोजीन.

माझा लोभ आहेच, तुझा उरला असला तर ठेव.

तुझा मामा,
संपत