लाल टेपची वायर कमळाकर भावोजींना

लिहून ठेवते मी बायजा, कैलासवासी जनार्दन धाकू मोकल यांची बायको, वय एकाहत्तर चालू, शिक्षण तिसरी पास आणि चौथीत अर्धी, राहणार कासू, तालुका पेण, जिल्हा रायगड. धंदा पूर्वी मिठागरावर मीठ ओढणे, आता बेस गिटार वाजवणे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, मृत्युपत्र करताय आणि एवढ्या खुशीत?" मी म्हटलं, खुशीतच करायचं असतं ते, मेल्यावर कोण उलट बोलणार आहे मला! कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. सून शांती लिहिताना दोनदा चहा देऊन गेली, पण तो ती रोजच देते, त्याला लाच समजू नये.

वकिलांनी नमुन्याचा कागद दिला होता. त्यात सदरहू आणि उपरोक्त भरपूर होतं, माणूस एकही नव्हता. म्हणून हा माझ्या हातानं लिहिते. अक्षर वेडंवाकडं आहे, मजकूर सरळ आहे.

कलम एक. कासूचं घर, मागची तीन नारळाची झाडं आणि पडवी हे सर्व मुलगा प्रविण याला. मात्र ओटीलगतची खोली नात किमया हिची. त्या खोलीत माझा डबा आणि खोका आहे. डबा म्हणजे अ‍ॅम्प, जो आवाज मोठा करतो. खोका म्हणजे स्पीकर, जो तो आवाज गावाला ऐकवतो. प्रविणनं तिथं तांदळाच्या गोणी ठेवू नयेत. ठेवल्याच तर किमयानं सगळ्यात जाड तार वाजवावी, उंदीरही जातील आणि प्रविणही.

कलम दोन. बँकेत जे उरेल ते प्रविण आणि किमया यांना निम्मं निम्मं. बोरमाळ शांतीला. शांतीनं एकदा माझ्या अ‍ॅम्पवर लोणच्याची बरणी ठेवली होती. तेल झिरपून बटणात गेलं आणि आवाज वाढवायला गेलं की कढईत मोहरी तडतडावी तशी खरखर. मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग बटण खोललं, औषध मारून पुसलं, वीस वेळा इकडंतिकडं फिरवलं, खरखर गेली. बोरमाळ दिली म्हणजे माफ केलं असं धरावं. ती बरणीसुद्धा तिलाच.

कलम तीन. माझी स्वतःची बेस गिटार, तपकिरी, चार तारांची, ही गावातल्या ज्या बाईला पन्नाशीनंतर वाजवायला शिकावंसं वाटेल तिला द्यावी. कोणीच पुढे आली नाही तर वाट बघावी. येते.

ही गिटार मी पारखून घेतली आहे. पनवेलच्या एका दुकानात गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "आजी, नातवाला पाठवा, त्याला कळेल." मी म्हटलं, नातू नाही मला. तर म्हणाला, "मग भजनाला पेटी दाखवू का?" मी त्याच पावली उतरले आणि दुसरीकडून घेतली. मिठागरावर बांध सरळ आहे का ते आम्ही एक डोळा मिटून बघतो, तसाच गिटारचा गळा बघायचा. मग मांडीवर ठेवून हात सोडायचा. मान टाकते ती नको. मग प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर दाबून वाजवायची, कुठं माशी गुणगुणली तर ती नको. किमयाला आज्ञा अशी की वर्षातून एकदा तिनं त्या दुकानात जावं, भिंतीवरची प्रत्येक गिटार खाली उतरवायला लावावी, डोळ्यापुढे धरून "वाकडी हाय" म्हणावं आणि काही न घेता घरी यावं. गाडीचं तिकीट माझ्या खात्यातून.

घेणाऱ्या बाईला एक सूचना. खाडीचा वारा खारा आहे, म्हणून आपण कोयत्याला, बिजागरीला, सायकलच्या साखळीला सगळ्याला तेल लावतो. मी तारांनाही खोबरेल लावलं होतं, चांगलं चोळून. दुसऱ्या दिवशी आवाज ओल्या गोधडीवर काठी मारल्यासारखा. पेणला टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा कान्हू आहे, त्याच्याकडे घेऊन गेले. तो बघून म्हणाला, "काकी, तेल चोपडलंत, आता येणी घालायची तेवढी राहिली." मग तारा उतरवून पातेल्यात उकळल्या तेव्हा कुठं बोलल्या. तेल लावायचं नाही. वाजवून झालं की सुक्या फडक्यानं पुसायचं.

कलम चार. आता मुख्य. आमच्या ह्यांची, म्हणजे जनू मोकल यांची जुनी काळी बेस गिटार किमयाला. फक्त किमयाला. माझे धाकटे दीर कमळाकर धाकू मोकल यांना ती वाजवायला, धरायला किंवा शेजारी उभं राहून फोटो काढायला मिळणार नाही. ते ती गेली नऊ वर्षं मागत आहेत. "वयनी, तशी गिटार आता मिळत नाय. खिळ्याला टांगून काय लोणचं घालणार?" असं दर गणपतीत येऊन बोलतात. का देणार नाही त्याचं कारण पुढे लिहिते, ते नीट वाचावं.

कलम पाच. कमळाकर भावोजींची बँजो पार्टी होती. हळद म्हटली की वडखळपासून रोह्यापर्यंत त्यांनाच सुपारी. त्यात बेस गिटार आमचे हे वाजवायचे. मिठागरावरून यायचे, पायावरचं मीठ धुवायचे आणि गिटार काढायचे. पार्टीत एक नियम होता. वायरींना कमळाकर भावोजींशिवाय कोणी हात लावायचा नाही. प्रत्येक वायरीच्या टोकाला ते स्वतः लाल टेप गुंडाळायचे, दुसऱ्या पार्टीवाल्यांनी ढापू नये म्हणून. जोडणार तेच, काढणार तेच, गुंडाळणार तेच.

सन २००४, रोह्याला हळद होती. मीही गेले होते, नवरीकडची म्हणून. तिसऱ्या गाण्याला जळका वास आला आणि खोका गप्प. नवऱ्याकडचे हसायला लागले. तेव्हा कमळाकर भावोजी माईकवर बोलले. थोरल्या भावाला, आणि माईकवर! "जन्या, तुला सांगितलं होतं ना आवाज वाढवू नको म्हणून? जाळलास ना अ‍ॅम्प!" सगळ्या मांडवानं ऐकलं. ह्यांनी खाली मान घातली.

त्या दिवसापासून हे पार्टीतून बाहेर. जळका अ‍ॅम्प आणि खोका वायरीसकट आमच्या पडवीत आणून टाकला, "तुझा प्रताप तूच ठेव" म्हणून. गावात ह्यांचं नाव अ‍ॅम्पजाळ्या पडलं. नागोठण्याच्या बाजारात मी मासळी घ्यायला गेले तर अनोळखी बाई विचारते, "तुम्ही त्या अ‍ॅम्पजाळ्याच्या का गो?" हे कधी कोणाला उलट बोलले नाहीत. गिटार खिळ्याला टांगली ती बारा वर्षं उतरवली नाही. सन २०१६ साली गेले. जायच्या आदल्या आठवड्यात मला विचारतात, "बायजे, खरं सांग गो. मी आवाज वाढवला होता का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. नवरा असं विचारतो आणि बायकोला उत्तर माहीत नाही, यासारखी लाज दुसरी नाही.

कलम सहा. म्हणून मी शिकले. लोकांना वाटतं म्हातारीला म्हातारपणी चळ लागला. चळ नाही, चौकशी होती. (आता आवड आहे. तेही खरं. आवडलं नसतं तर चौकशी संपल्यावर बंद केलं असतं.) वर्षश्राद्ध झालं आणि मी गिटार घेतली, अ‍ॅम्प घेतला, मोबाईलवर बघून बोटं बसवली, आणि बिघाड कसा शोधायचा ते कान्हूच्या दुकानात स्टुलावर बसून शिकले. कान्हूचा धडा एकच. एका वेळी एकच वस्तू बदलायची. सगळं एकदम बदललं तर चोर सापडत नाही.

मग पडवीतला ह्यांचा प्रताप बाहेर काढला. ह्यांची गिटार माझ्या अ‍ॅम्पला लावली, उत्तम वाजली. गिटार सुटली. त्यांचा खोका माझ्या अ‍ॅम्पला लावला, माझ्या चांगल्या वायरीनं, तोही वाजला. खोका सुटला. जळका अ‍ॅम्प कान्हूनं खोलला. म्हणाला, "काकी, खोक्याकडे जायची बाजू जळलीय. आवाज वाढवून असा नाय जळत. पुढं कायतरी चिकटलं असणार." पुढं म्हणजे काय? डबा आणि खोका यांच्यामधली वायर.

ती वायर मी मोरळीवर, म्हणजे विळीवर, कापली, मासा कापतात तशी मधोमध. समजून घ्या. वायरी दोन जातीच्या असतात आणि बाहेरून जुळ्या बहिणी. गिटारपासून डब्यापर्यंत जाते ती आतून केसासारखी बारीक तार आणि भोवती जाळी. तिला फक्त कुजबुज न्यायची असते. डब्यापासून खोक्यापर्यंत जाते तिच्यात दोन जाड तारा, कारण तिला भार न्यायचा असतो. कुजबुजवालीला भार दिला की ती तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, दोन्ही तारा चिकटतात आणि डबा जळतो.

मी कापली ती केसासारखी होती. आतून वितळून जाळीला चिकटलेली. कान्हू म्हणाला, "ही तर गिटारची वायर! खोक्याला कोणी लावली ही?"

मी वायरीची टोकं त्याच्यापुढे धरली. दोन्ही टोकांना लाल टेप होती.

कलम सात. सबब कमळाकर धाकू मोकल यांना माझ्या इस्टेटीतून ती वायर मिळावी. काच लावून चौकट करावी, कापलेली बाजू आणि लाल टेप दोन्ही दिसतील अशी. चौकटीचा खर्च माझा. त्यांनी माझ्या आधी जाऊ नये अशी त्यांना विनंती आहे.

माझ्या बाराव्याला किमयानं ह्यांची गिटार वाजवावी. खोक्याचं तोंड कमळाकर भावोजींच्या घराकडे करावं. वाजवून झालं की कलम पाच आणि सहा माईकवर वाचावं. नालस्ती माईकवर झाली आहे, भरपाई कानात चालणार नाही. माईकची आणि खोक्याची वायर किमयानं स्वतः तपासावी.

कलम आठ. हे आज सर्वांसमोर लिहिते.

साक्षीदार म्हणून एक कान्हू आणि दुसरे म्हणून मी मुद्दाम कमळाकर भावोजींना बोलावलं. घरातले वडीलधारे तेच उरले आहेत. निरोप मिळताच आले. पांढरा शर्ट, आणि बगलेत गिटारचं नवं कोरं कव्हर! मी बघितलं आणि मला इतका आनंद झाला की शांतीला सांगून त्यांच्या चहात साखर जास्त टाकायला लावली.

वकील म्हणाले, साक्षीदारानं तुमची सही होताना बघितली की पुरे, आतलं ऐकायची गरज नाही. मी म्हटलं, कायदा तुमचा, घर माझं. इथं सही करायची तर ऐकून. आणि किमयानं पहिल्यापासून वाचलं.

कलम चारला भावोजींनी कव्हर मांडीवरून खाली ठेवलं. पाचला म्हणाले, "वयनी, मेलेल्या गोष्टी कशाला उकरता?" मी म्हटलं, "गोष्ट नाय मेली भावोजी, माणूस मेला." सहा संपलं तेव्हा मी मोरळीवर कापलेली वायर त्यांच्यापुढे पाटावर ठेवली. त्यांनी हातात घेतली. टेपवर अंगठा फिरवला. मग म्हणाले, "त्या दिवशी जाड वायर सापडत नव्हती. नवऱ्याकडचे घाई करत होते. दिसायला सारखीच..." आणि थांबले.

मी म्हटलं, "सही केलीत तर ऐकून मान्य. उठून गेलात तर त्याहून मान्य. बघा कसं ते." प्रविण म्हणाला, "आई, आता पुरे." मी म्हटलं, तुला घर दिलंय, गप बस.

भावोजींनी पेन मागितलं. म्हणाले, सहीच्या वर एक ओळ माझ्या हातची लिहीन. मी म्हटलं, लिहा. किमयानं तेवढ्यात कव्हर उचलून गिटारला चढवून बघितलं आणि म्हणाली, "धाकटे आजोबा, मापाचं हाय. ऱ्हाऊ दे इथंच." त्यांनी ते परत मागितलं नाही, म्हणजे दिलं.

हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. वर लिहिलं ते सर्व माझ्या मर्जीनं लिहिलं, वाचून घेतलं, आणि फार मजा आली.

ठिकाण : कासू, तालुका पेण
तारीख : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार
बायजा जनार्दन मोकल (सही)

साक्षीदार पहिला
कान्हू गोमा पाटील, पेण (सही)

साक्षीदार दुसरा
खोक्याला वायर मी लावली. जनूनं आवाज वाढवला नव्हता. पण त्या दिवशी तो बेसूर वाजवत होता, हेही लिहून घ्यावं.
कमळाकर धाकू मोकल (सही)

वरील ओळ भावोजींच्या हातची आहे, ती खोडू नये. बेसूर वाजवत होते, मी मांडवात होते, मला माहीत आहे. बेसूर वाजवल्यानं अ‍ॅम्प जळत नाही.
बायजा (सही)