खिंडीपलीकडची वाट

सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८

मांड्या पेटल्यात. पण आजचं आजच लिहायला हवं!

मसाई पठार. एवढी वर्षं पन्हाळ्यावर जाऊन झुणका-भाकर खाऊन परत फिरलो — आणि पलीकडे हे होतं! चढ संपला आणि एकदम सगळं उघडं. झाड नाही, घर नाही. पिवळं गवत थेट आभाळापर्यंत. वारा असा की सायकल तिरकी धरून चालवावी लागली. तोंडातून शब्द निघाला नाही. शब्दांवर पोट असलेल्या माणसाच्या!

चनबसाप्पा मागं राहिला नाही, उलट पुढं थांबून ओरडत होता — "ओ आप्पासो, गिअर हायीत म्हणून देव ढकलत न्हाय! पाय मारा की!" तो शिरोलीच्या फौंड्रीत पॅटर्नमेकर, मूळचा गडहिंग्लजकडचा. जाड टायरच्या या दोन सायकली त्यानंच पुण्याहून ट्रकवर टाकून आणल्या. फौंड्रीला सोमवारी सुट्टी, म्हणून मीही पेपरातली माझी सुट्टी सोमवारी मागून घेतली. शेहेचाळिसाव्या वर्षी हे खूळ!

मंगळवार, १० नोव्हेंबर

जिना उतरताना कठडा धरला. बायको हसली.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

हंबीरराव, आमचे रविवार पुरवणीचे संपादक, मसाईचा मजकूर वाचून म्हणाले, "सदर करू या. सायकलवाटा. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत सहाशे शब्द. आणि अंतरं चुकवू नकोस, लोक भरवशानं जातात."

चुकवणार नाही.

सोमवार, ३० नोव्हेंबर

खिद्रापूर. सपाट रस्ता, ऊस, मळीची गाडी. चनबसाप्पा नाराज — "ह्याला काय सायकलिंग म्हणायचं? हे दूध घालाय जाणं झालं!" मग देऊळ. गोल मंडप, वर छप्पर नाही, वर्तुळाएवढं आभाळ. आम्ही दोघं मान वर करून किती वेळ उभे होतो कोण जाणे. त्यानं हळूच म्हटलं, "ह्याचं पॅटर्न कुणी केलं असंल वं?" लाकडाचे साचे करण्यात जन्म गेलेला माणूस. यापेक्षा मोठी दाद मी तरी ऐकलेली नाही.

मंगळवार, ५ जानेवारी १९९९

विजयदुर्गाच्या स्टँडवर बसून लिहितोय. गाडीला तास आहे. कालचा दिवस तुटक तुटक आठवतोय, तसाच लिहितो.

रविवारी एसटीच्या टपावर सायकली बांधून गगनबावडा. सोमवारी पहाटे दक्षिणेकडे, कड्याच्या बाजूनं लाल मातीची वाट. नऊ किलोमीटर. मध्येच गवा! वाटेवर आडवा. काळा, ओला, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. चनबसाप्पानंही आवाज खाली आणला. गव्यानं आमच्याकडे पाहिलं, आम्ही काही विशेष नाही असं ठरवलं, आणि कारवीच्या झुडपांत शिरला.

नवव्या किलोमीटरला खांडीचा धनगरवाडा. पाच घरं, गोठे, शेणाचा वास. एक बाई डोक्यावर दुधाचा कॅन घेऊन निघालेली. चिमणाबाई. चाळिशीची असेल.

"कुठलं पावणं?"

"कोल्हापूरचे."

"आणि ह्या लोखंडाला पायऱ्या उतराय येत्यात व्हय?"

तेव्हा कळलं, पुढं पायऱ्या आहेत. घरांमागं खिंड, खिंडीतून खाली कोकणात उतरणारी बैलवाट. दगडी फरशी, खुरांनी आणि टाचांनी गुळगुळीत झालेली. कुठल्या राजानं घातली, चिमणाबाईला ठाऊक नाही. "आमच्या आदी हुती." ती रोज या वाटेनं दूध घेऊन खालच्या गावात जाते. उतरायला दीड तास, चढायला दोन.

"मी ह्याच वाटंनं नवरी हून आले. बाई अडली की ह्याच वाटंनं डोली. डागदर खाली, दूध खाली, बाजार खाली. आमी नुसतं निजाय वर!"

खिंडीच्या तोंडाशी तिनं एक हिरवी डहाळी मोडली आणि दगडांच्या ढिगावर ठेवली. खाली वाळलेल्या डहाळ्यांचा थर. येणारा-जाणारा प्रत्येकजण ठेवतो म्हणे. आम्हीही ठेवली.

आणि मग वळण. पायांखालून जमीन निघून गेल्यासारखी. हजार-दोन हजार फूट खाली कोकण, धुक्यात बुडालेलं, टेकड्यांची नुसती टोकं वर. आणि सगळ्याच्या पलीकडे एक चकाकती रेघ.

"ते काय वं?" — चनबसाप्पा.

"समुद्र."

तो सायकल आडवी टाकून खाली बसला. मीही बसलो. चिमणाबाई आमच्याकडे बघत उभी — "काय झालं? चक्कर आली व्हय?"

अर्धी वाट सायकल खांद्यावर, अर्धी दोन्ही ब्रेक दाबून. मोठाल्या झाडांच्या सावलीत ऊन खालपर्यंत पोचतच नाही. एक धनेश डोक्यावरून गेला, त्याच्या पंखांचा आवाज — कुणी धोतर झटकावं तसा! खाली पोचलो तेव्हा चिमणाबाई दूध घालून परत निघाली होती. आमच्या आधी!

तिथून डांबरी रस्त्यानं विजयदुर्ग. मावळतीला पोचलो. तटाला लाटा लागत होत्या. चनबसाप्पानं फौंड्रीत पोट बिघडल्याचा निरोप ठेवला आहे. चेहरा तर असा की दहा वर्षांनी लहान झालाय.

शुक्रवार, ८ जानेवारी

पावणेचार. समोर कोरा कागद, डोक्यात खिंड. हंबीररावांनी दोनदा डोकावून पाहिलं.

धनगरवाड्यापर्यंत सगळं लिहिलं. अंतरं, चढ, पाणी कुठे मिळेल. मग हात थांबला. ही वाट छापली तर? रविवारी जीपा येतील, बाटल्या, टेपरेकॉर्डर. चिमणाबाईच्या पायऱ्यांवर गुटख्याच्या पुड्या.

म्हणून लिहिलं — "धनगरवाड्यापुढे वाट नाही. इथून मागे फिरून डांबरी घाटानं उतरावं."

चारला मजकूर दिला. वेळेत.

या वहीत तरी खरं लिहावं. चिमणाबाईची काळजी नंतर सुचली. आधी मनात आलं ते एवढंच — ती चकाकती रेघ माझी आहे. कुणाला देणार नाही.

रविवार, १० जानेवारी

सकाळी सातला चनबसाप्पाचा फोन. कोपऱ्यावरच्या बूथवरून, ओरडत. "फुडं वाट न्हाय? मग मी काय उडत गेलतो व्हय? पेपरवाला असून लपवतायसा!"

"लोक घाण करतील रे."

"मग 'सांगणार न्हाय' असं लिवायचं. 'न्हाय' कशाला लिवलासा?"

फोन ठेवला. दिवसभर ते डोक्यात होतं. मग पुढच्या शुक्रवारच्या मजकुराचं काम आलं आणि ते मागं पडलं.

सोमवार, १७ जानेवारी २०००

पुन्हा खिंड. आज रेघ नव्हती, सगळं पांढरं. धुकं खालून वर चढत आलं आणि आमच्या चाकांमधून गेलं. चिमणाबाईकडे ताक. जावयानं बॅटरीवरचा रेडिओ आणलाय. वर्षभरात वाटेवर आमच्याशिवाय बाहेरचं कुणी आलं नाही, असं ती म्हणाली. मला बरं वाटलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी २००३

तार.

खिंडीच्या अलीकडे सिमेंटचे खांब, काटेरी तारेचे पाच पदर, लोखंडी फाटक, कुलूप. डहाळ्यांचा ढीग तारेच्या पलीकडे. घरांमागची सगळी जमीन बाहेरच्या कुणीतरी घेतली आहे, बंगले बांधणार आहे. दूध आता गगनबावड्याला, नऊ किलोमीटर चालत. पोचेपर्यंत नासतं. मागच्या महिन्यात चिमणाबाईच्या सुनेला डोलीत घालून त्याच लांबच्या रस्त्यानं नेलं. बाई वाचली. मूल नाही.

धनगरांनी तहसीलदारांकडे वहिवाटीच्या रस्त्यासाठी अर्ज केला आहे. चिमणाबाईनं घरातून जमीन घेणाऱ्याच्या वकिलाचं उत्तर आणलं. त्याला एक कात्रण जोडलेलं. झेरॉक्स असूनही लांबूनच ओळखलं. खाली माझं नाव.

"मास्तरानं वाचून दावलं," ती म्हणाली. "'फुडं वाट न्हाय.' पावणं, तुमी तर माज्या मागनं उतरलासा. आमची वाट तुमाला दिसली न्हाय व्हय?"

रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिनं आधी ताक दिलं, मग विचारलं.

चनबसाप्पा माझ्याकडे पाहीना. परतीला सगळे नऊ किलोमीटर तो पुढं, मी मागं. कडा तोच, ऊन तेच, खाली दरी तीच. डोळे वर करून पाहिलं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हंबीररावांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "चार वर्षांनी दुरुस्ती? 'नजरचुकीने' म्हणून टाकू दोन ओळी."

"नजरचूक नव्हती. माहीत असून लिहिलं."

"आप्पासो, तसं म्हणालास तर तुझ्या सव्वीस वर्षांच्या प्रत्येक बातमीवर बोट ठेवतील. सदरही जाईल. मी वाचवू शकणार नाही."

ते वाईट माणूस नाहीत. बरोबरच बोलले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सुनावणी. तहसीलदारांनी चिमणाबाईला विचारलं, वाट वापरात होती याचा काही कागद?

"कागुद न्हाय सायेब. पाय हायीत. बगायचं तर बगा!" आणि खरंच टाच वर करून दाखवली. कचेरी हसली. तीही हसली.

मग मी उभा राहिलो. ते वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे, असं सांगितलं. समोरचा वकील सावकाश उठला. सभ्य माणूस.

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिता. तेव्हा लिहिलंत, की आज बोलताय?"

"तेव्हा."

"आम्ही कशावरून मानायचं?"

मी वहीचं सांगितलं. ५ जानेवारी ९९च्या पानाची झेरॉक्स नेली होती, ती वाचून दाखवली — फरशी, कॅन, डोली. चिमणाबाई मान डोलावत ऐकत होती, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. तहसीलदार म्हणाले, झेरॉक्स चालणार नाही. मूळ वही, पूर्ण. उद्या दहापर्यंत.

बाहेर चनबसाप्पा उभा होता. रजा काढून आलेला. "चला," म्हणाला. "चहा घेऊ."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सकाळचे सात. ८ जानेवारीचं पान पुन्हा वाचलं. दोऱ्यानं शिवलेली वही, एक पान अलगद निघेल. त्याच्याशिवायही वाट सिद्ध होते. आणि ते ठेवलं तर हंबीररावांपासून त्या वकिलापर्यंत सगळे वाचणार आहेत, रेघ माझी म्हणून.

आत्ताच पेनानं सगळ्या पानांना आकडे घातले, आता एखादं काढलं तर दिसेल. एक ते त्रेसष्ट.