एक ऋतू मागे चालणारा कॅमेरा

योनागो, १८ नोव्हेंबर

तीर्थरूप हिसानोताईस,

धाकट्या मोतोहिरोचा नमस्कार. गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढा वाकून केला आहे, उरलेला मनाने समजून घे. काल दाइसेनच्या माथ्यावर पहिलं पांढरं दिसलं आणि मला उगाचच वाटलं, तूही तिकडे तोत्तोरीला खिडकीशी बसून तोच डोंगर पाहत असशील (तुझ्या खिडकीतून आता फक्त वाहनतळ दिसतो हे मला माहीत आहे, पण वाटायला काय जातं). तुझी कंबर कशी आहे? तो नवा डॉक्टर अजून तुला 'आजीबाई' म्हणतो का? तू पाठवलेल्या नाशपात्या पोचल्या, फार रसाळ निघाल्या. तुझी भावजय तोमिए हिने मला त्या किसून दिल्या, कारण खालच्या बाजूने मला काही चावता येत नाही. का येत नाही ते याच पत्रात पुढे कळेल, आणि कळल्यावर तू रागावशील, म्हणून तब्येतीची चौकशी आधी उरकून घेतली.

आमच्या हायकू मंडळाला यंदा तीस वर्षं झाली. मंडळ मी काढलं (तुला हे ठाऊक आहे, पण मंडळातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही, म्हणून दर वेळी लिहायची सवय लागली आहे). त्या निमित्ताने पुस्तक निघतं आहे. प्रत्येक सदस्याला एक पान, वर फोटो आणि खाली हायकू. फोटो ज्याचा त्याने काढलेला हवा, याच हिवाळ्यातला हवा आणि तीस नोव्हेंबरच्या आत हवा. ज्याचं पान येणार नाही त्याचं नाव शेवटी 'पूर्वीचे सदस्य' या यादीत जाईल. त्या यादीत सध्या आठ नावं आहेत. आठहीजण वारले आहेत. आणि नववा मी, ज्याने मंडळ काढलं, तो केवळ धड कॅमेरा नाही म्हणून जिवंतपणी त्यांच्या पंगतीला जाऊन बसणार! ताई, मी शहात्तर वर्षांचा आहे. त्या यादीत मी जाईनच, पण माझा नंबर लागल्यावर जाईन, इनुझुकाच्या सहीने नाही.

इनुझुका म्हणजे आमचे हल्लीचे अध्यक्ष. जन्मभर नगरपालिकेसाठी घरोघरी पाण्याचे मीटर वाचत हिंडला आणि निवृत्त झाल्यावर त्याला काव्याची तहान लागली. हायकूला फोटो जोडायची टूम त्याचीच; यंदा तर दर बैठकीला त्या त्या ऋतूचा फोटो न्यावा लागतो. त्याच्याकडे दोन हातांत धरावा लागतो असा डिजिटल कॅमेरा आहे. एका पिकलेल्या पर्सिमनचे तो चारशे फोटो काढतो आणि मग आठवडाभर त्यातला एक निवडतो. चारशेंपैकी तीनशे नव्याण्णव वेळा ज्याला फळ दिसलं नाही, त्याला ते चारशेव्यांदा कसं दिसलं, हे मला कोणी सांगावं. खाली हायकू काय, तर फळ लाल आहे, फांदीवर आहे, आणि खाली पडलेलं नाही. याच्यापेक्षा पाणीपट्टीच्या नोटिशीत जास्त काव्य असतं. तिच्यात निदान पुढे काय होईल अशी हुरहुर तरी असते.

तू विचारशील, फोनवर काढ की रे फोटो. नाही चालत. फोनवरचे फोटो घ्यायचे नाहीत असा मंडळाचा नियम आहे. गेल्या वर्षी एकमताने झाला. (सूचना माझी होती.)

तर मार्चमध्ये मी कॅमेऱ्याच्या शोधात निघालो. खिशात माझ्या खालच्या कवळीसाठी तोमिएने बाजूला ठेवलेले पंचवीस हजार येन होते. तिने ते सुखासुखी दिले असं नाही. "फोटो चावून खाणार आहात का?" एवढंच म्हणाली आणि पाकीट ठेवल्यासारखं न ठेवता आपटल्यासारखं समोर ठेवलं. स्टेशनामागे माकिशिमाचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. माकिशिमा हा गिऱ्हाइकाला वस्तू विकत नाही, तिच्याबद्दल हळहळ विकतो. म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासारख्या माणसाने डिजिटल? छे. तुमच्या हाताला फिल्मच शोभेल." हात पाहून कॅमेरा ठरवणारा माणूस मी प्रथमच पाहिला, पण बोलणं गोड होतं आणि मी विरघळलो.

विरघळायला कारणही होतं. मला आमच्या शाळेतला मार्च आठवला. वर्ष संपताना फोटोवाला यायचा, एकेचाळीस मुलं तीन रांगांत उभी राहायची, आणि त्यांनी गप्प राहावं म्हणून मी त्यांच्याकडून वर्षभर पाठ झालेल्या कविता एका सुरात म्हणून घ्यायचो. शेवटच्या ओळीवर तो खटका दाबायचा. एकदाच. एखाद्या मुलाचे डोळे मिटलेले यायचे, आणि मग तो जन्मभर त्या फोटोत डोळे मिटूनच उभा राहायचा. त्याबद्दल कोणाची तक्रार नसे. आता सांग, जिथे एकदाच खटका दाबायचा असतो तिथे माणूस कवितेतल्या शब्दासारखा तो निवडून दाबणार की नाही? एका रोलमध्ये छत्तीस फोटो. म्हणजे छत्तीस हायकूच! मी नऊ हजाराला फिल्मचा कॅमेरा घेतला आणि दुकानातून बाहेर पडलो तो तरंगतच.

मग कळलं की छत्तीस हा फार मोठा आकडा आहे. रोल महाग, धुऊन घेणं महाग, आणि गावातला रोल धुणारा केव्हाच दुकान बंद करून लेकीकडे गेलेला, म्हणून तो ओसाकाला पाठवायचा. इतकं महाग काहीतरी मी कुठल्याही चिमणीवर थोडंच उधळणार होतो? एप्रिलमध्ये साकुराच्या फुलांचे चार फोटो काढले. मेमध्ये पाणी भरलेल्या भातखाचरांचे तीन. एकदा एका बेडकासमोर मी चाळीस मिनिटं बसलो आणि शेवटी तो माझ्या लायकीचा नाही असं ठरवून उठलो (त्यालाही तसंच वाटलं असावं). असा रोल जुलैच्या अखेरीला संपला. ओसाकाहून फोटो आले तेव्हा मंडळाच्या बैठकीत पंखे गरगरत होते, बाहेर रातकिडे कोकलत होते, आणि मी टेबलावर साकुराचा बहर मांडला. आमच्यात ऋतू चुकणं म्हणजे कपडे विसरून येण्यासारखं. इनुझुका फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "गुरुजी, तुमच्याकडे अजून वसंतातला गारवा आहे वाटतं? मग आम्हीच राहायला येतो." सगळे हसले. ओगुशी आजी (वय एक्क्याण्णव, कानांनी जवळजवळ बहिऱ्या) नुसत्या सगळे हसताहेत म्हणून हसल्या, त्यांचं मी मनावर घेतलं नाही.

दुसरा रोल महिन्यात संपवायचाच असा निश्चय केला. परिणाम असा की महिन्याच्या शेवटच्या दिवशी बावीस फोटो शिल्लक, आणि मी घरभर फिरून ते संपवतोय: स्टूल, चहाची किटली, शेजाऱ्याची गाडी. तोमिए भांडी घासत होती तर तिच्या पाठीचे चार काढले. "याला पैसे पडतात ना?" तिने न वळता विचारलं. "मग माझ्या पाठीवर काय एवढं लिहिलंय?" फोटो आले तेव्हा सप्टेंबर लागला होता. पुन्हा एक ऋतू मागे. फिल्म म्हणजे ताई, पोस्टाने आलेली आठवण. ती सुंदर असते, पण येते तेव्हा आपण घर बदललेलं असतं.

म्हणून मी तो कॅमेरा माकिशिमाला परत नेऊन दिला. त्याने चार हजार देऊ केले आणि तेवढीच हळहळ वर. मग म्हणाला, "खरं सांगू गुरुजी? तुमच्यासारख्या माणसाला डिजिटलच बरा." माझे हात तेच होते! पण नवा डिजिटल माझ्या बजेटात येईना, तेव्हा त्याने 'मोडके, परत घेणार नाही' अशी पाटी लावलेल्या टोपल्यातून एक उपसून दिला. साबणाच्या वडीएवढा, चंदेरी, आणि एक दोष सोडला तर उत्तम. दोष असा की बॅटरी काढली की तो सांगितलेलं सगळं विसरतो आणि त्याला वाटतं की आज दोन हजार पाच सालचा एक जानेवारी आहे. वाटतं ते मनात ठेवत नाही. फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत छापतो. आणि बॅटरी अकरा फोटोंत संपते.

ऑक्टोबरमध्ये मी लाल मेपलचा फोटो नेला. देखणा होता. कोपऱ्यात एक जानेवारी. त्यावर मंडळाने तासभर चर्चा केली. आमच्या हिशेबात नवीन वर्ष हा स्वतंत्र ऋतू, त्याचे शब्द वेगळे. मग हा फोटो पानांप्रमाणे शरदाचा धरायचा की तारखेप्रमाणे नववर्षाचा? तिघं पानांच्या बाजूने, तिघं तारखेच्या बाजूने. ओगुशी आजींना कोणीतरी कानात ओरडून विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्या वयाला सगळे महिने सारखेच. आत घ्या त्याला, बाहेर गार आहे." अध्यक्षांनी आपलं मत तारखेला दिलं. ज्याने जन्मभर आकडे वाचले, तो पानं काय वाचणार!

आता नऊ नोव्हेंबरची गोष्ट ऐक. उत्तरेकडून हंस आले. पहाटे मी नाकाउमी सरोवराच्या काठी जाऊन बसलो. हायकू तयारच होती, गेली कित्येक वर्षं ती मी याच पाण्यासाठी ठेवली आहे:

हंस उतरले
आधी पाण्याने जागा दिली
मग थंडीने

अकरा फोटो आकाशाचे आणि धुक्याचे झाले तेव्हा बॅटरी संपली. मी दुसरी घातली. कॅमेरा म्हणाला, आधी तारीख सांग, मग फोटो. साल दोन हजार पाच. एकेक वर्ष बटण दाबून पुढे न्यायचं. बोटं गारठलेली, म्हणून मी बटण दाबून धरलं तर वर्षं सैरावैरा धावली. मी निवृत्त झालो ते वर्ष गेलं, तुझे यजमान गेले ते गेलं, आणि एकदम दोन हजार एकतीस आलं. तिथे मी थबकलो. त्या वर्षी या काठावर कोण बसलेलं असेल, गवत असेल का, हंसांना वाट आठवेल का, असा विचार करत असतानाच पाण्यावर आवाज झाला. हंस उतरत होते, वीसेक तरी, आणि मी खाली मान घालून सालाशी झुंजत होतो! शेवटी जे होतं ते ठेवून खटका दाबला. तोवर सगळे चोची पंखांत खुपसून बसले होते, आणि चौकटीत एकच आला होता. उजवीकडे, खाली, कोपऱ्यात.

इनुझुकाने तो फोटो पाहिला, खालची हायकू वाचली, मग कोपरा वाचला आणि अगदी गंभीरपणे परत दिला. "गुरुजी, याच हिवाळ्यातला हवा असं ठरलंय. हा तर अजून काढलेलाच नाही."

घरी येऊन मी फोटो ओट्यावर टाकला आणि इनुझुकाचं बोलणं ऐकवलं. तोमिए म्हणाली, "अहो, एवढंच ना? कोपरा कापा." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तिने मासे कापायच्या कात्रीने तारीख कापून टाकली. तारखेबरोबर हंसही गेला. आता माझ्याकडे पाण्याचा फोटो आहे, एका बाजूने तिरका. कॅमेऱ्याने त्याच दिवशी गोगलगायीसारखं भिंग आत ओढून घेतलं, ते अजून बाहेर काढलेलं नाही. परवा लाज गिळून माकिशिमाकडे गेलो, तर माझा फिल्मचा कॅमेरा काचेत चौदा हजारांना बसला होता. हल्ली पोरंपोरी गळ्यात तेच अडकवून हिंडतात, त्यामुळे भाव चढलाय म्हणे. ज्यांनी कधी कशाची वाट पाहिली नाही, ते आता वाट पाहण्याचे पैसे मोजताहेत. माकिशिमा हळहळला. मी काही न घेता बाहेर पडलो.

तेव्हा ताई, तुला कोणी विचारलंच तर माझं मत सांग: फिल्म हा श्रीमंतांनी करायचा उशीर आहे आणि डिजिटल हा गरिबांनी करायची घाई. मला दोन्ही परवडत नाहीत. फोटोवाचून हायकू मोडून पडते असं वाटणाऱ्यांनी खुशाल पर्सिमनं मोजत बसावं. मला त्या पुस्तकाची काडीइतकी पर्वा उरलेली नाही. थंडी वाढते आहे, कंबरेला ऊब दे, रात्री खिडकी घट्ट लाव.

तुझा,
मोतोहिरो

ता. क. गेल्या आठवड्यात तू तोमिएच्या फोनवर तळ्यातल्या हंसांचा एक फोटो पाठवला होतास. फार छान आहे. अगदी माझ्या नजरेतून काढल्यासारखा आहे. तो मी काढला असं कोणी म्हटलं तर तुझी काही हरकत? फोनवरचा आहे हे कागदावर आल्यावर कळत नाही, मी बारकाईने पाहिलं. फक्त हो किंवा नाही कळव, पण पंचवीस तारखेच्या आत कळव. 'नाही' असेल तर जरा उशिरा कळवलंस तरी चालेल.

आणखी एक. तोमिएला यातलं काही माहीत नाही. पाकीट चिकटवून टाकायला तिच्याकडेच देतो आहे, पण ती वाचणार नाही. माझं अक्षर तिला लागत नाही.

वन्सं, मी तोमिए. अक्षर लागतं. फोटोचं काही कळवू नका. त्या पहाटे इनुझुकासाहेबही लव्हाळ्यांच्या पलीकडे बसले होते. काल यांना झोप लागल्यावर ते दारात आले आणि फोटो दाखवला: हे मान खाली घालून बटणं दाबताहेत आणि मागे सगळे हंस उतरताहेत, पंख पसरून, पाय पुढे करून. म्हणाले, "वहिनी, माझ्या पर्सिमनचं पान मी काढून घेतो. फोटो माझा, हायकू गुरुजींची, दोघांचं मिळून एक पान. चालेल का?" मी चालेल म्हटलं. आज सकाळी पान छापायला गेलंसुद्धा, तेव्हा यांना आधी बोलू नका. जाताना त्यांनी विचारलं, गुरुजी रागावतील का? मी म्हटलं, आठवडाभर रागावतील, आणि मग दहा प्रती मागवतील. त्यातली एक तुमच्यासाठी मी सांगून ठेवली आहे.