खुला प्रवेश आणि इस्पिकचा एक्का

दारव्हा,
फेब्रुवारी २००६

तीर्थस्वरूप अण्णांस,

मधुसूदनाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनातच घातला आहे, पण पोचला असं समजावं). राजूरची हवा मानवली का? तिथं कोळशाच्या धुळीनं तुम्हाला खोकला झाल्याचं तुमचा अनिमेष सांगत होता. आम्ही इकडे रुईच्या धुळीनं खोकतो. सूनबाईंना, ऋचाला, आशीर्वाद. हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण फोन हल्ली आमच्या सौ. रजनीच्या ताब्यात असतो आणि हा विषय तिच्या देखत काढायची ताकद माझ्यात राहिलेली नाही. म्हणून पत्र.

येत्या रविवारी मंडळाची सभा आहे. आपली मेंढीकोटाची वार्षिक स्पर्धा पुढल्या वर्षी पूर्वीसारखी सभासदांपुरती ठेवायची की यंदासारखी सगळ्यांना खुली करायची, एवढा एकच विषय. मतं निम्मी इकडे, निम्मी तिकडे, आणि निर्णायक मत अध्यक्ष म्हणून माझं. मंडळ तुम्ही काढलेलं, आणि इतकी वर्षं समोर पार्टनर म्हणून तुम्हीच बसत होतात, म्हणून तुमचा सल्ला हवा. (अजूनही पान टाकण्याआधी मी मान वर करून तुमच्याकडेच बघतो. समोर डोमाजी गुरुजी असतात. त्यांनाही त्याचं वाईट वाटतं, मलाही.)

खुल्या प्रवेशाचं खूळ आपला खजिनदार अतुल याचं. त्यानं टीव्हीवर पोकर नावाचा परदेशी पत्त्यांचा खेळ पाहिला. तिथल्या मोठ्या स्पर्धांना म्हणे कुणीही येऊन बसतो, हजारांनी माणसं येतात, आणि भलेभले खेळाडू पहिल्याच दिवशी घरी जातात. मला वाटलं, हा दोष सांगतोय. तो गुण सांगत होता! "काका, त्याच त्या आठ जोड्यांत जिंकून कोणी चॅम्पियन होते का?" असं त्यानं मला भर सभेत विचारलं. आपण दोघांनी ती ढाल किती वेळा घरी आणली, हे त्याला ठाऊक असून विचारलं. मी सभेचा पुढचा विषय घेतला. हल्ली भांडायचाही कंटाळा येतो.

आता एवढी माणसं बसवायची कुठं? तर बाबुलालशेठनी त्यांच्या कापूस जिनिंगची शेड देऊ केली. ऐन हंगामात शेड रिकामी, यंत्रं बंद. शेठ म्हणाले, "कापूस तं येऊन नाही राह्यला, माणसं तरी भरा." आम्ही हसलो आणि लगेच सतरंज्या मोजायला लागलो. इकडचे दिवस सध्या असे आहेत, अण्णा. दोन माणसं भेटली की कापसाच्या भावाचा विषय निघतो, आणि तो निघाला की दोघंही घरी जातात.

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून जीपा येत होत्या. माणसं टपावरसुद्धा. ढाणकीहून तर एवढी मंडळी आली की गावात मागे कोण राहिलं असेल याची मला काळजी वाटली. सतरंज्या पुरल्या नाहीत, तेव्हा बारदानं अंथरली. पत्त्यांचे जोड कमी पडले म्हणून घराघरांतून मागवले, त्यात एकात बदामची राणीच नव्हती आणि तिच्या जागी कुणीतरी लग्नपत्रिकेचा तुकडा घातला होता. (तो तुकडा राणी म्हणून चालवून घेतला. वधूचं नाव त्यावर होतंच.) मग ढाणकीकरांनी सांगितलं की ते बंद हुकूम खेळतात, म्हणजे हुकमाचं पान आधीच झाकून ठेवतात. आपण पडलो कट हुकूमवाले, ज्याला रंग नाही तो कापेल तो हुकूम. या वादात दुपारचा चहा झाला.

आता मुख्य दुःख. (अनिमेषच्या शेजाऱ्यांना तुम्ही हे वाचून दाखवणारच, म्हणून खुलासा: मेंढी म्हणजे दहाचं पान. ज्या जोडीनं जास्त मेंढ्या धरल्या ती जिंकली, चारही धरल्या तर समोरच्यांवर कोट.) मंडळातल्या खुणा तुम्हीच घालून दिलेल्या. कान खाजवला की बदाम, चष्मा पुसला की पुढचा हात माझा, आणि कोरडा खोकला म्हणजे हुकमाचा एक्का माझ्याजवळ. आठही जोड्यांना त्या ठाऊक असल्यामुळे त्यात लबाडी राहत नाही, शिस्त राहते. पण जिनिंगच्या शेडमध्ये, अण्णा, वर्षानुवर्षांची रुई तुळयांवर बसलेली. एवढी माणसं आत आल्यावर ती खाली उतरली. सगळी शेड खोकत होती. त्या खोकल्यांवर विश्वास ठेवला असता तर दारव्ह्यात त्या दिवशी पोत्यानं एक्के निघाले असते.

चिठ्ठ्या टाकून लढती लागल्या. पहिल्याच फेरीत माझ्या आणि गुरुजींच्या समोर कोण आलं असेल? रजनी आणि गुरुजींच्या कांताबाई. प्रवेश खुला, त्यामुळे या दोघींनी आम्हाला न विचारता नाव दिलेलं. हुकूम इस्पिकचा झाला. माझ्या नाकात रुई गेली आणि मी खोकलो. गुरुजींचा चेहरा उजळला. त्यांनी इस्पिकची मेंढी ऐटीत खाली टाकली. कांताबाईंनी त्यावर शांतपणे एक्का ठेवला. मी घाबरून पुन्हा खोकलो. गुरुजींना वाटलं आता राजाची खूण, आणि त्यांनी दुसरी मेंढी पुढे केली. तीही गेली. पाणी प्यायलो, ठसका लागला, तिसरी गेली. चौथी माझ्याच हातात होती. ती कशी गेली ते मला लिहवत नाही.

त्या दोघी नाकाला पदर लावून, हातातली पानं बघून खेळत होत्या. (पानं बघून खेळायची पद्धत मंडळात फारशी रूढ नाही.) कोट चढल्यावर गुरुजी भर शेडमध्ये ओरडले, "मधू, एक्का नव्हता तं खोकलला काहून?" आणि रजनी म्हणाली, "तुमच्या साऱ्या खुणा मले चहा देता देता पाठ झाल्या. म्हटलं, आज एखादी खरी निघते का पाहू."

पुढे उपांत्य फेरीत ढाणकीकरांनी त्यांना हरवलं आणि ढाल ढाणकीला गेली. कपाटावरच्या तिच्या जागी रजनीनं लोणच्याची बरणी ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. संध्याकाळी शेडच्या दाराशी डोंगरसिंग बसले होते. पलीकडच्या तांड्यावरचे, वीस एकरांवर कापूस करणारे. तेही पहिल्याच फेरीत बाद झालेले, पण शेवटपर्यंत थांबले. मी विचारलं, हरल्यावर थांबलात कशाला? म्हणाले, "दिवसभर कोणं भाव नाही इचारला, साहेब. बरं वाटलं." मी त्यांच्या शेजारी बारदानावर बसलो.

तरीसुद्धा माझं मत मर्यादित प्रवेशाचंच आहे. गर्दीत खेळाचा कस राहत नाही, नशीब माजतं, आणि जुन्या माणसांना सतरंजी मिळत नाही. मी थकलोय, अण्णा. ठरावाचा मसुदाही करून ठेवला: फक्त सभासद, आणि सभासद दारव्ह्यातच राहणारा असावा. तुमचा दुजोरा आला की रविवारी हात वर करतो.

तुमचा,
मधुसूदन

ता. क. मसुदा पुन्हा वाचताना लक्षात आलं की या नियमानं तुम्हीच बाद होता. ढाणकीवाल्यांच्या रागात मला राजूर आठवलंच नाही. तेव्हा सरळच लिहितो: वरचं सगळं सोडून द्या. मी खुल्या प्रवेशाला मत देतो, तुम्ही पुढल्या वर्षी या आणि माझ्यासमोर बसा. तुमच्याशिवाय मला खेळता येत नाही, एवढंच खरं आहे. गुरुजींची मी समजूत काढीन.

ता. क. २. पाकीट डकवणार तेवढ्यात रजनी चहा घेऊन आली. म्हणाली, "अण्णांले लिहून राह्यले का? माझा नमस्कार सांगा, अन् म्हणा, जीपचं आम्ही पाहतो." कसली जीप, विचारलं. कळलं ते असं, की पुढल्या वर्षी कांताबाई लेकीकडे, दीपमालाकडे, जाणार, म्हणून रजनीनं मागच्याच आठवड्यात तुम्हाला फोन करून पार्टनर व्हाल का विचारलं, आणि तुम्ही लगेच हो म्हणालात. अण्णा, हे तुम्ही केलंत! तेव्हा पहिली ता. क. रद्द समजावी. प्रवेश मर्यादितच हवा, आणि या मतावर मी ठाम आहे. येताना मफलर आणा, शेडमध्ये रुई फार उडते.