आठ बुटक्या पायऱ्यांची गाडी

चिरंजीव धाकटीस, थोरलीचा हात डोक्यावर आहे असं समज (जवळ असतीस तर वेणीच ओढली असती). कंबर कशी आहे? पडसं गेलं? कोंबड्या अंडी घालतात ना? झालं विचारून. आता माझं ऐक.

माझा डावा गुडघा संपावर गेलाय. आपल्या लाँड्रीची व्हॅन मीच चालवते, तुला ठाऊक आहे. परवा टेकडीवरच्या दवाखान्यात चादरी पोचवायला निघाले, चढावर क्लच दाबायला गेले, तर पाय म्हणाला, तूच दाब. व्हॅन मागं घसरून फाटकाला टेकली (फाटक आधीच वाकडं होतं). आमच्या चिरंजीवांना आयतं कोलीत मिळालं. "आई, बास झालं. सोमवारपासून किल्ली माझ्याकडे." मी म्हटलं, तुला गाडी शिकवली कुणी रे? सूनबाई हसली, तो नाही हसला. धाकटे, किल्ली गेली की मी कोपऱ्यात बसून लोकांच्या मोज्यांच्या जोड्या लावणार. त्यापेक्षा मला त्या चादरीतच गुंडाळा.

म्हणून गॅरेजवाल्याकडे गेले. (त्याला सगळे बोल्ट म्हणतात. डोकं मोठं, खाली सगळं बारीक.) आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या म्हणजे आळशांचे चोचले, असं मी जाताजाताच ऐकवलं. त्यानं नुसतं टेबलाकडे बोट केलं. दोन गिअरबॉक्स पोट उघडून पडले होते. एक माझ्या व्हॅनसारखा. दांड्यांवर दात्यांची चाकं, जोडीजोडीनं, लहानाला मोठं. पहिल्या गिअरात इंजिन साडेतीन फेऱ्या मारतं तेव्हा पुढची दांडी एक फिरते. वेग जातो, जोर येतो. पाचव्यात उलटं, जोर जातो, वेग येतो. प्रत्येक जोडीचा हिशेब ठरलेला, आणि जोडी निवडायची आपण, पाय मोडेस्तोवर.

दुसरा पाहिला आणि माझी बोलती बंद झाली (तू तिथं हवी होतीस, असा योग पुन्हा नाही). मधे एक चाक, त्याच्याभोवती तीन चिमुकली, सगळ्यांना वेढून आतून दाते असलेलं कडं. कुणी कुणाला कधी सोडतच नाही. बोल्टनं कडं धरून मधलं फिरवलं, तर चिमुकली सावकाश, पण जोर लावून सरकली. मग मधलं धरलं आणि कडं फिरवलं, तर तीच मंडळी वेगळ्याच चालीनं. दात एकही बदलला नाही गं! फक्त थांबलं कोण, एवढंच बदललं. अगदी आपलं घर. मी हटून बसले की सगळे पळतात, सूनबाई बसली की मी. असे दोन-चार संसार एकापुढे एक ठेवून आठ गिअर काढतात. माझ्या व्हॅनच्या पाच पायऱ्या उंच, यांच्या आठ बुटक्या, पहिली आणखी खालून सुरू, शेवटची आणखी वर. गुडघेदुखीवाल्यानंच बांधलेला जिना! आणि इंजिनाशी जोडायला क्लचच्या पेडलऐवजी तेलाचं भांडं. इंजिन तेल घुसळतं, तेल चाकं फिरवतं. मी किती तरी वेळ ते कडं फिरवत उभी होते. बोल्टनं शेवटी चहा दिला, तोही तसाच गार झाला.

मग त्याची तसली गाडी काढली. शेजारी मुलगा, मागं चादरींची गाठोडी. चढ आला, सवयीनं डावा पाय क्लच शोधत गेला आणि ब्रेकवर बसला. गाडी जागच्या जागी, गाठोडी मुलाच्या डोक्यावर. गाठोड्याखालून आवाज आला, "आई, डावा पाय आवर!" आवरला. घरात बसते तशी डावी मांडी घालून बसले आणि टेकडी चढले. गिअर कधी बदलले, कळलंसुद्धा नाही.

बाकी ठीक. कंबर शेक.
तुझी थोरली

ता. क. तुझ्या अंगणात जी गाडी उभी आहे, जिच्यात कोंबड्या बसतात, ती आपोआपवाली आहे ना? मी रविवारी न्यायला येतेय.

ता. क. द्यायची नसेल तर कळवू नकोस, पत्र पोचेस्तोवर मी निघालेली असेन. कोंबड्या मागच्या सीटवर राहिल्या तरी चालतील. तेवढी त्यांना ब्रेकची सवय लावून ठेव.